पद्मिनीचा ब्रेक लाइट स्विच: प्रेशरवालाच टाकू की पेडलवर लावू?

साताऱ्याचा_फियाटवाला
नमस्कार मंडळी, वडिलांची प्रीमियर पद्मिनी आहे, अजून रोज चालवतो. हल्ली ब्रेक हलका दाबला की मागचे लाइट लागतच नाहीत, जोरात दाबला तरच लागतात. बल्ब नवीन टाकले, होल्डर घासून साफ केले, फ्यूज ओके. ब्रेक एकदम चांगले लागतात. मिस्त्री म्हणतो प्रेशर स्विच गेला, तो मिळतो तसा डुप्लिकेट नको, पेडललाच साधा स्विच लावून देतो. गाडी शक्यतो ओरिजिनल ठेवायचीय पण खंबाटकीला मागून ट्रक असतात, लाइट लागलाच पाहिजे. काय करू?

डबल_क्लच
आधी खात्री करा. इग्निशन ऑन करून स्विचच्या दोन्ही वायरी काढा आणि एकमेकींना जोडा, मागे फुल लाइट लागला तर स्विचच गेलाय, नाही लागला तर वायरिंग बघा. रबरी बूट काढल्यावर टर्मिनलपाशी ओल दिसली तर आतला पडदा फाटलाय आणि ब्रेक ऑइल बाहेर येतंय, मग तर एक दिवसही थांबू नका.

या स्विचमध्ये ऑइलचं प्रेशर पडद्याला ढकलतं आणि पडदा कॉन्टॅक्ट जोडतो. २१ वॅटचे दोन बल्ब म्हणजे १२ व्होल्टला साडेतीन अँपिअर, ते सगळे त्या इवल्याशा कॉन्टॅक्टमधून जातात. कॉन्टॅक्ट जळत गेले की जास्त जोर लागतो, तुमचं लक्षण अगदी तेच आहे.

कुर्ला_स्पेअर्स
मी तरी प्रेशरवालाच टाका म्हणेन, पण सोबत रिले लावा, म्हणजे थोड्या करंटवर चालणारा आणि मोठा लोड स्वतः घेणारा स्विच. रिलेच्या कॉइलला पाव अँपिअरसुद्धा लागत नाही, बल्बचा लोड रिले घेतो, स्विच खूप टिकतो. रिले डॅशखाली लपतो, त्यामुळे गाडी दिसायला ओरिजिनलच राहते. फक्त रिलेची मेन वायर फ्यूजमधूनच घ्या.

जुना स्विच खोलून दुकानात घेऊन जा, नुसतं "पद्मिनीचा द्या" म्हणू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली, तेव्हापासून कुर्ल्याच्या सीएसटी रोडच्या स्पेअर्स बाजारात पूर्वीसारखा ताजा माल दिसत नाही आणि जवळपासच्या आट्यांचा स्विच हातात ठेवतात. नवीन स्विच हाताने सरळ आत गेला पाहिजे. दोन आट्यांत अडकला आणि पान्याने रेटला तर बसायच्या जागेचेच आटे जातात. आटे सरळ असतील तर तांब्याचं वायसर नवीन टाका, निमुळते असतील तर वायसर नको. टेफ्लॉन टेप कुठेच नको.

घाटातला_गणेश
कुर्लावाले दादा, रिलेचं पटलं, पण रोजच्या गाडीला मी पेडलचाच लावीन. ब्रेकचा पाइप फुटला तर प्रेशर नाही, म्हणजे नेमकं ब्रेक नसताना लाइटही नाही. पेडलवाला तेव्हाही लागतो, शिवाय पेडल जरा हललं की लगेच लागतो, मागच्याला तेवढाच जास्त वेळ मिळतो.

पण मिस्त्रीच्या डोक्यावर उभे राहा. दाबल्यावर सर्किट तुटणारा स्विच हवा, म्हणजे पेडल वर असताना त्याचा दांडा दाबलेला राहतो. स्विच बसवायच्या पट्टीला लांबट भोक ठेवा म्हणजे मागेपुढे सरकवता येतो. आणि स्विचने पेडल जरासुद्धा खाली धरून ठेवता कामा नये! पेडल पूर्ण मागे आलं नाही तर मास्टर सिलेंडरमधलं (पेडल ज्यातून ऑइल ढकलतं तो) परतीचं भोक उघडत नाही, ऑइल अडकतं, ब्रेक धरून राहतात आणि ड्रम तापतात. लावल्यावर चाकं उचलून हाताने फिरवून बघा.

साताऱ्याचा_फियाटवाला
खूप आभार सगळ्यांचे. वायरी जोडल्यावर फुल लाइट लागला आणि बुटात ओलही आहे. म्हणजे जुना काढावाच लागणार. गणेशदादांचं पटलं, पेडलचाच लावतो. मग जुन्या स्विचच्या जागी काय?

डबल_क्लच
त्याच आट्यांचा बंद बोल्ट लेथवर करून मिळेल, पण त्यापेक्षा नवीन प्रेशर स्विचच बसवा आणि दोन्ही पॅरलल जोडा, एक गेला तरी दुसरा लाइट लावेल. खोलण्याआधी ऑइलच्या टाकीवर प्लास्टिकचा तुकडा ठेवून झाकण घट्ट लावा, ऑइल कमी गळतं. नंतर चारही चाकांच्या ब्रेकमधली (ऑइलमध्ये शिरलेली) एअर काढायचीच. रंगावर ऑइल सांडलं तर लगेच पाणी ओता, नाहीतर रंग सोलतो. शेवटी एकाला पेडलवर बसवून तुम्ही टॉर्चने जोड बघा, पेडल जोरात दाबून धरल्यावर ओल आली नाही तरच गाडी बाहेर काढा.