पाळणाघरात मुलाला काही झालं तर सरकार जबाबदार कसं? की फक्त चालवणारेच?

चिमणीची_आई

काल रात्री आमच्या पालकांच्या ग्रुपवर यावरून जाम वाजलं म्हणून इथे विचारतेय. मुलगी दीड वर्षाची आहे, सहा महिने झाले डेकेअरला जातेय. मागच्या आठवड्यात तिच्या दंडावर वळ दिसला, ताई म्हणाल्या खेळताना लागलं असेल. असेलही. पण "असेल" म्हणजे काय, बघितलं का कोणी? त्या खोलीत कॅमेरा नाही, रजिस्टरमध्ये एक ओळ नाही. ज्या ऑफिसने त्यांना लायसन्स दिलंय तिकडे फोन केला तर म्हणे हा तुमचा आणि सेंटरचा आपसातला विषय आहे, आधी त्यांच्याशी बोला. हे ग्रुपवर सांगितल्यावर एक बाबा म्हणाले सरकार काय प्रत्येक खोलीत माणूस बसवणार आहे का, चूक करणार एक आणि शिव्या सरकारला. मला पटलं नाही पण पटकन उत्तरही सुचलं नाही. तर सरकारची जबाबदारी नेमकी सुरू कुठे होते? नीट माहिती असेल तर सांगा, "सगळी सिस्टिमच सडलीये" नको, ते मलापण म्हणता येतं.

फायलीतला_उंदीर

त्या बाबांना सांगा की खोलीत माणूस बसवा असं कोणीच म्हणत नाहीये. बालहक्कांचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे ना १९८९ चा, जगातल्या जवळपास सगळ्या देशांनी सही केलेला, त्याच्या कलम ३ मध्ये तिसरा मुद्दा हाच आहे. मुलांना सांभाळणाऱ्या संस्था ठरवून दिलेल्या निकषांप्रमाणे चालतायत याची खात्री सरकारने करायची, आणि निकष कशाकशाचे तर सुरक्षा, आरोग्य, कर्मचारी किती आणि कसे, आणि त्यांच्यावर देखरेख कोणाची. म्हणजे "आपसातला विषय" हे उत्तर तिथेच निकालात निघतं.

आता प्रत्यक्षात काय होतं ते बघा. मेक्सिकोत एर्मोसियो शहरात ५ जून २००९ ला एबीसी नावाच्या पाळणाघराला आग लागली, ४९ मुलं गेली. चालवणारे खाजगी, पण पाळणाघर सरकारच्या सामाजिक सुरक्षा संस्थेने कंत्राटावर दिलेलं. आग सुरू झाली शेजारच्या गोडाऊनमध्ये आणि ते गोडाऊन वापरत कोण होतं तर राज्य सरकारचंच वित्त खातं! पाळणाघराची इमारतसुद्धा मुळात गोडाऊनचीच. बाहेर पडायला वाट पुरेना म्हणून एका माणसाने स्वतःची पिकअप गाडी भिंतीवर घालून भगदाडं पाडली. आणि काही दिवस आधीच हे सेंटर तपासणीत पास झालं होतं. पुढे प्रकरण तिथल्या सुप्रीम कोर्टात गेलं, २०१० साली एका न्यायमूर्तींच्या मसुद्यात थेट वरच्या अधिकाऱ्यांना जबाबदार धरलं होतं, पण बहुमताने ते मान्य केलं नाही. मुलांच्या आईबापांनी रेटा लावला तेव्हा कुठे २०११ ला पाळणाघरांसाठी देशभराचा कायदा आला, त्याला अजून लोक "५ जूनचा कायदा" म्हणतात.

आता यात त्या बाबांचा तो "चूक करणार एक" कोण?

कडूकारलं

मी थोडं उलटं बोलतो, चिडू नका. आगीचं ठीक आहे, तिथे इमारत दिसते, दार मोजता येतं. पण माणूस वाईट निघाला तर कुठला अधिकारी काय करणार? अजून एक, तुम्ही नियम वाढवत जाता, लहान सेंटरला ते झेपत नाही, ते बंद पडतं आणि मग तीच मुलं कुठल्यातरी बिननोंदणीच्या घरात जातात जिथे तपासणीला कुत्रंही फिरकत नाही. कागद मात्र छान. शिवाय सांभाळणाऱ्या बाईला पगार किती देतात ते कोणी विचारत नाही, सहा महिन्यांत ती सोडून जाते, नवीन येते, पोराला कोणाचाच चेहरा ओळखीचा होत नाही.

दुपारची_ताई

अकरा वर्षं हेच काम केलंय म्हणून बोलते. पगाराचं कारलं म्हणतात ते शंभर टक्के खरं. पण तपासणीचं आतून काय असतं ते सांगते. व्हिजिट येणार हे आम्हाला आधी कळायचं. त्या दिवशी सुट्टीवरच्या बायका पण बोलवायच्या, भिंतीवर नवीन चित्रं, रजिस्टर रात्री बसून पूर्ण करायचं. साहेब येणार, रजिस्टर बघणार, सही. मुलांकडे बघायला वेळच नाही त्यांना. एका ताईमागे मुलं किती हा आकडा कागदावर बरोबर असतो, कारण तो अख्ख्या दिवसाची हजेरी मांडून काढतात. पण जेवणाच्या वेळी एक बाई भांड्यांकडे, एक शी काढायला, मग उरलेल्या एकटीकडे खोलीभर मुलं. लागतं ते त्याच वेळी लागतं, चावाचावी तेव्हाच. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक माणूस असा नियम आहे, दोन वर्षांच्या मुलांना आधी चारामागे एक होता तो २०२३ ला सरकारनेच पाचामागे एक केला. आता ती पाचवी पोरगी ज्या मावशीच्या अंगावर पडली तिच्या हातून काही झालं तर दोष फक्त मावशीचा का?

आणि चिमणीची आई, वळाचा फोटो तारखेसकट काढून ठेवा, आणि सेंटरला लेखी विचारा, तोंडी नको. त्या दिवशी त्या वेळेला खोलीत कोण होतं आणि मुलं किती होती, एवढंच. चांगलं सेंटर असेल तर रागावणार नाही. मी तरी नसते रागावले.

फायलीतला_उंदीर

@कडूकारलं वाईट माणसाचंच घेऊ. ॲमस्टरडॅमला २०१० च्या डिसेंबरात एका पाळणाघर कर्मचाऱ्याला अटक झाली, अगदी तान्ह्या मुलांवर अत्याचार. हा माणूस आधीच २००३ ला जर्मनीत दोषी ठरलेला होता, पण डच चारित्र्य दाखला स्वच्छ मिळाला कारण बाहेरच्या देशातलं रेकॉर्ड बघितलंच नव्हतं. वर २००८ मध्ये एका पालकाची तक्रार येऊन गेली होती. मग चौकशी समिती बसली आणि जुलै २०१३ पासून नियम आला की मुलांजवळचा मोठा माणूस काय करतोय ते दुसऱ्या मोठ्या माणसाला कधीही दिसलं किंवा ऐकू आलं पाहिजे. काचेची दारं, बाळांच्या खोलीत आवाज ऐकायचं यंत्र, असलं साधंच. दाखलाही एकदा काढला की झालं असं नाही, कर्मचाऱ्यांचं रेकॉर्ड सतत तपासत राहायचं. तर अधिकारी बरंच करू शकतो. फक्त आधी करत नाही.

ऑस्ट्रेलियाचं ताजं आहे. २०१५ मध्येच रॉयल कमिशनने, म्हणजे तिथल्या सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने, सांगितलं होतं की मुलांसोबत काम करणाऱ्यांची पडताळणी प्रत्येक राज्य आपापल्या पद्धतीने करतंय, ती एकसारखी करा, वर्षभरात करा. दहा वर्षं गेली. जुलै २०२५ ला व्हिक्टोरियात एका कर्मचाऱ्यावर ७० हून जास्त गुन्ह्यांचे आरोप जाहीर झाले (तेव्हा आरोप होते, निकाल नव्हे), तेव्हाच्या माहितीप्रमाणे तो २० सेंटरमध्ये काम करून आलेला, पडताळणीचं कार्ड खिशात, आणि साधारण १२०० मुलांच्या पालकांना सांगावं लागलं की तपासण्या करून घ्या. त्यानंतर त्याच महिन्यात केंद्रात कायदा पास, सुरक्षा न पाळणाऱ्या सेंटरची सबसिडी बंद करता येईल असा. दहा वर्षं न हललेलं सरकार काही आठवड्यांत हललं! माझं म्हणणं एवढंच की सरकारला गुन्हेगार म्हणू नका, पण ज्याच्या टेबलावर माहिती पडून होती त्याला नाव-हुद्द्यासकट विचारा की तू काय केलंस.

कडूकारलं

टेबलावर माहिती होती हा मुद्दा मान्य. बिननोंदणीचं मात्र कोणीच बोललं नाही.

दुपारची_ताई

बोलते ना. नोंदणी करायला महिनोन् महिने लावता आणि केल्यावर मदत शून्य, नुसती नोटीस, तर कोण करेल? नियमासोबत एखादं ट्रेनिंग, दाराला काच बसवायला चार पैसे द्या, बघा कशा येतात बायका. जपानमध्ये पाळणाघराच्या बसमध्ये मूल आतच राहून गेलं २०२१ ला, सरकारने पत्रक काढलं की नीट बघा. वर्षभराने परत तेच झालं. मग २०२३ पासून बसमध्ये अलार्म सक्तीचा केला आणि तो बसवायला पैसेही दिले. पत्रकाने काही होत नाही हो, आमच्याकडे पत्रकांची अख्खी फाईल होती, कपाटात.

चिमणीची_आई

सगळ्यांचे आभार. सेंटरला लेखी दिलं काल. आज उत्तर आलं, त्या वेळेला खोलीत एकच ताई होती आणि मुलं नऊ. त्यांनी खरं सांगितलं याचं बरं वाटलं आणि नऊ वाचून पोटात गोळापण आला. आता तोच कागद जोडून त्या ऑफिसला विचारलंय की शेवटची तपासणी कधी झाली, कोणी केली आणि दुपारी जेवणाच्या वेळेला मुलं मोजली होती का. पोच घेतलीये शिक्क्यासकट. ग्रुपवर टाकलं तर तेच बाबा विचारतायत की मसुदा पाठव, आमच्या सेंटरला पण विचारतो.

कडूकारलं

मसुदा इथे पण टाका.