इटलीत लढताना पडलेल्या आजोबांचं नाव कुठे सापडेल?

उरमोडीकाठ: माझ्या आजोबांचे थोरले भाऊ पाचव्या मराठा पलटणीत होते. 1943 साली इटलीला गेले ते परत आलेच नाहीत. घरात एक पदक आणि पणजीने जपलेली तार, एवढंच आहे. ऑक्टोबरात बाबांना घेऊन जातेय. ते 78 वर्षांचे आहेत, चुलत्यांच्या कबरीवर फूल वाहायचं म्हणतात. हातात चार दिवस आहेत. सुरुवात कुठून करू?

माजी सुभेदार: ताई, आधी पदक उलटं करून बघा. इटलीत लढलेल्यांना मिळालेलं पदक म्हणजे इटली स्टार; भारतीय जवानांच्या या पदकावर मागे नंबर आणि नाव कोरलेलं असतं. तो नंबर घेऊन राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर शोधा. नुसत्या नावाने शोधाल तर थकाल, मराठी नावांची स्पेलिंगं तिथे कशीही आहेत. वडिलांचं नाव आणि गाव ताडून घ्या.

बाबांना मात्र आधीच सांगून ठेवा. आपल्या हिंदू जवानांना जमेल तिथे अग्नी दिला, म्हणून कबर बहुधा नसेल. दहनस्मारकावर नाव असतं. देहच मिळाला नाही त्यांची नावं इटलीतल्या कसिनो गावच्या स्मारकावर आहेत.

माणगावकर: एक दिवस मोंतोनेसाठी ठेवाच. उंब्रियातलं टेकडीवरचं छोटं गाव. आमच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी तिथेच पडले. तुकडीतले सगळे मशिनगनच्या माऱ्यात कोसळले, तरी हे एकटे चालून गेले आणि ते ठाणं मोडलं. वय फक्त 22. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. मोंतोनेकरांनी 2023 मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळ उभारलं. माणगावातला त्यांचा पुतळा मी लहानपणापासून बघतोय, पण परक्या गावाने आठवण ठेवली हे वाचून डोळे भरून आले.

बोलोन्याची सून: फोर्लीला भारतीय सैन्याची वेगळी दफनभूमी आहे, शेजारीच दहनस्मारक. बोलोन्याहून आगगाडीने तासाभरात पोचाल. जवळच सेनिओ नदी, जिथे मराठा पलटणीच्याच नामदेव जाधवांनी एप्रिल 1945 मध्ये जखमी साथीदारांना पेरलेल्या सुरुंगांतून उचलून आणलं.

उरमोडीकाठ: नंबर सापडला! नाव सांग्रो नदीच्या दफनभूमीतल्या दहनस्मारकावर आहे. गावाचं नावही जुळलं. बाबा सकाळपासून ते पान परत परत उघडायला लावताहेत.

माजी सुभेदार: मग बेत बदला. सांग्रो एड्रियाटिक समुद्राच्या बाजूला आहे, पेस्कारा शहराच्या दक्षिणेला. 1943 च्या नोव्हेंबरात आपली आठवी भारतीय डिव्हिजन तिथे लढली. मुक्काम पेस्कारात करा, तिथून गाडी घ्या. फोर्ली आणि मोंतोने वेळ उरला तरच. घरून थोडा बुक्का नि हळदकुंकू न्या.