जुन्या स्वप्नातल्या गाडीत बॅटरी बसवली, तर ती गाडी उरते का?

(ऑनलाइन चर्चेचा एक धागा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

लांब बॉनेट

स्वप्नातली गाडी कोणती, असं कुणी विचारलं की गेली तीस वर्षं माझं एकच उत्तर आहे: जग्वार ई-टाइप. १९६१ च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. चालवून बघायला एवढी झुंबड उडाली की कंपनीचा चाचणी-चालक नॉर्मन ड्युइस याला इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीहून दुसरी गाडी रातोरात हाकत तिथे आणावी लागली.

मी ती जवळून एकदाच पाहिली आहे. हात लावायची परवानगी नव्हती, म्हणून हात पाठीमागे बांधून तीन प्रदक्षिणा घातल्या. पुढच्या काचेवर तीन वायपर, तेही टीचभर. बॉनेट आणि मडगार्ड मिळून एकच अखंड तुकडा, उघडला की गाडी जांभई देते आहे असं वाटावं.

आता वादाचा मुद्दा. उद्या लॉटरी लागली आणि ही गाडी दारात आली, तर मी तिचं इंजिन काढून इलेक्ट्रिक मोटर बसवीन. मी प्रेमात पडलो तो तिच्या रूपाच्या, तेलाच्या डागांच्या नाही. आमच्या बाबांच्या जुन्या गाडीचा चोक ओढून, हँडल मारून, बोटांची सालं काढून घेण्यात माझ्या बालपणीच्या बऱ्याच सकाळी गेल्या आहेत. त्या आठवणी सांगायला गोड वाटतात, पण परत नकोत. शिवाय २०१७ मध्ये खुद्द जग्वारनेच ई-टाइप झिरो नावाची विजेवरची ई-टाइप करून दाखवली. कंपनीला चालतं, तर मला का नको?

जुना पाना

अहो, रूपाच्या प्रेमात पडलात म्हणता, पण ते रूप आलं कुठून? ते नाक एवढं लांब आहे कारण त्याच्या आत सहा सिलिंडर एका ओळीत उभे आहेत. १९४८ साली आलेलं हे एक्सके इंजिन. ई-टाइपच्या आधीच १९५१ ते १९५७ या काळात त्याने फ्रान्समधली ल मॉंची २४ तासांची शर्यत पाच वेळा मारली होती. गाडीला आकार देणारा माल्कम सेयर विमानांच्या कारखान्यातून आलेला माणूस. वाऱ्याला कमीत कमी अडवायचं आणि एवढं लांब धूड झाकायचं, या दोन अटींतून ते नाक घडलं. आतलं इंजिन काढून नाक तेवढं ठेवणं म्हणजे रिकाम्या म्यानालाच तलवार म्हणणं.

दुसरं उदाहरण देतो. मर्सिडीज ३०० एसएल, १९५४. तिची पंखासारखी वर उघडणारी दारं बघून लोकांना वाटतं, काय नखरा केलाय! नखरा नव्हता, नाइलाज होता. बारीक नळ्यांची चौकट बाजूंनी इतकी उंच आली की नेहमीचं दार बसवायला जागाच उरली नाही. बॉनेट बुटकं ठेवायचं होतं, म्हणून इंजिन ५० अंशांत कलतं टाकलं. जुन्या चांगल्या गाड्यांचं सौंदर्य हे असं अडचणीतून वाट काढताना आलेलं असतं. अडचणच काढून टाकलीत, तर मागे फक्त पत्रा राहतो.

कंपनीने केलं म्हणून ते बरोबर, हे काही पटत नाही. जुन्या वाहनांची फिवा ही आंतरराष्ट्रीय संघटना १९६६ पासून काम करते. ऐतिहासिक वाहन म्हणजे किमान ३० वर्षं जुनं आणि मूळ स्वरूपात जपलेलं, अशी तिची व्याख्या आहे. विजेवर केलेली गाडी त्या व्याख्येत बसत नाही, हेही तिने स्पष्ट सांगितलं आहे.

स्टेपनी

तुम्ही दोघंही फार श्रीमंत स्वप्नं बघता बुवा. माझी गाडी फोक्सवॅगनची बीटल. मामाची होती, फिकट निळी.

जाणकारांना माहीत असेल, बीटलमध्ये मागच्या सीटच्या पाठीमागे, काचेखाली सामानाची एक खोबण असते. आम्हा भाचरांमध्ये त्या खोबणीवरून मारामाऱ्या व्हायच्या. एकाच पोराची जागा, गुडघे पोटाशी घेऊन बसायचं. इंजिन बरोबर पाठीमागे, पत्र्यापलीकडे. हवेने थंड होणारं, त्यामुळे आवाज दाबायला पाण्याचं वेष्टनही नाही. मामाने गिअर बदलला की तो आधी आपल्या मणक्याला कळायचा आणि मग कानाला. सीटच्या घोडकेसाचा आणि पेट्रोलचा मिळून जो एक वास यायचा, तो मला आजही डोळे मिटून ओळखता येईल. (आज कुणी पोराला तिथे बसवलं तर सगळ्यांत आधी मीच ओरडेन, ते वेगळं.)

आणि काच धुवायची त्या गाडीची तऱ्हा तर अफलातून! पाण्याचा पंप नव्हताच. पुढच्या डिक्कीतल्या स्टेपनीला एक नळी जोडलेली, तिच्यातल्या हवेच्या दाबाने काचेवर पाणी उडायचं. म्हणजे काच फार धुतली की स्टेपनी मऊ. स्टेपनीतली हवा फार उतरू नये म्हणून झडप असायची, पण आमच्या गाडीतली कधीच निकामी झाली होती आणि बदलायचा आळस सर्वस्वी मामाचा. भर पावसात पंक्चर झालं तेव्हा स्टेपनीही बसलेली निघाली आणि मामीने मामाला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझं इथलं नाव कुठून आलं, ते कळलं असेल आता.

२०१९ मध्ये फोक्सवॅगननेही बीटल विजेवर करून दाखवली, एका जोडीदार कंपनीबरोबर. छान दिसते. पण त्या खोबणीत बसलेल्या पोराला काय ऐकू येणार? म्हणून माझं मत पानासाहेबांना.

कोरडा हिशोब

वातावरण फारच हळवं झालंय, जरा विरजण घालतो.

तीन ठिकाणी अडकणारा सीटबेल्ट व्होल्वोने १९५९ मध्ये आणला. त्यानंतरही कित्येक वर्षं बहुतेक गाड्यांत तो नव्हताच. स्टिअरिंगचा दांडा सरळ छातीवर रोखलेला, धडक बसली की मागे येणारा. पुढचा भाग चुरगळून धक्का सोसायचा, ही कल्पना तेव्हाच्या बहुसंख्य गाड्यांना ठाऊक नव्हती. पत्रा जाड म्हणून गाडी मजबूत, असं अजून म्हणणारे लोक भेटतात. पत्रा चुरगळला नाही, तर धक्का जातो कुठे? माणसात.

धुराबद्दल तर बोलायलाच नको. विषारी वायू निवळणारा उत्प्रेरक या गाड्यांत नाही.

पण म्हणून धागाकर्त्यांना माझा पाठिंबा आहे असं समजू नका. वर्षाला चार रविवारी बाहेर निघणाऱ्या गाडीत नवी कोरी बॅटरी घालून पर्यावरणाचं काय भलं होणार? ती बॅटरी तयार करताना झालेला धूर एवढ्याशा वापरात कधीच वसूल होत नाही. रोज चालवणार असाल तर सुरक्षित, नवी गाडी घ्या. जुनी आहे तशी संग्रहालयात द्या. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९९६ मध्ये तुमची ई-टाइप घेतलीच आहे. तिथे परत तीन प्रदक्षिणा घाला.

चौथा गिअर

अवांतर: वीज म्हणजे आधुनिक आणि पेट्रोल म्हणजे परंपरा, हे समीकरण मुळातच उलटं आहे. ताशी १०० किमीचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला तो विजेच्याच गाडीने. १८९९ साली, कामिय जेनात्सी चालवत होता. तेव्हा पेट्रोलच्या गाड्यांना हँडल मारावं लागे आणि हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडे. मग चार्ल्स केटरिंगने विजेवरचा स्टार्टर काढला, १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये तो आला आणि विजेच्या गाड्यांचं एक मोठं आकर्षणच संपलं. म्हणजे पेट्रोल इंजिन घराघरांत पोहोचायला मदत केली ती एका इलेक्ट्रिक मोटरने. घ्या आता!

लांब बॉनेट

कोरडा हिशोब, बॅटरीचा मुद्दा मान्य. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. संग्रहालयाचा मात्र अमान्य. गाडी जागची हलली नाही तर ती शिल्प होते, आणि शिल्पासाठी मी तीस वर्षं झुरलेलो नाही.

पानासाहेब, लांब नाक इंजिनामुळे, हे पटलं. पण आता ते नाक आहे ना? पवनचक्कीत दळण बंद झालं तरी माणसं तिच्यात राहतातच. शिवाय जग्वारने मोटर आणि बॅटरी मूळ इंजिनाच्याच मापाची ठेवली होती, वजनही साधारण तेवढंच. वाटलं तर जुनं इंजिन परत बसवता यावं, हाच हेतू. कायमची मोडतोड थोडीच आहे?

जुना पाना

परत बसवता येतं म्हणणाऱ्यांनी काढलेलं इंजिन कुठे ठेवलंय, ते आधी सांगावं. बहुतेक वेळा पहिली दोन वर्षं ताडपत्रीखाली, मग कुणाला तरी सुट्या भागांसाठी. न फिरवलेलं इंजिन आतून गंजतं, पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरतात आणि मग ते इंजिन नसतं, ऐरण असते. तुम्ही ठेवाल नीट, तुमच्यानंतरचा मालक?

आणि तुमचा खरा राग इंजिनावर नाही, चोकवर आहे. वडिलांच्या गाडीचे ठिणगीसाठीचे पॉइंट साफ करून त्यांच्यातली गॅप नीट ठेवली असती, तर निम्म्या सकाळी हँडलला हात लावावा लागला नसता.

एक काम करा. सुरुवातीच्या ई-टाइपला तीन एसयू कार्बोरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणारे भाग, असतात. तिन्हींनी सारखी हवा ओढली पाहिजे, नाहीतर इंजिन लंगडतं. ते जुळवायला महागडं यंत्र लागत नाही. रबरी नळीचा तुकडा घ्यायचा, एक टोक कानाशी, दुसरं पहिल्या कार्बोरेटरच्या तोंडाशी. सुस्कारा ऐकायचा. मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा. स्क्रू केसभर फिरवायचा, परत ऐकायचं. तिन्ही सुस्कारे एका सुरात आले की इंजिन एकदम शांत होतं, रडणारं पोर कडेवर घेतल्यावर होतं तसं. माझ्याकडे ई-टाइप नाही, पण त्याच जातीचे दोन कार्बोरेटर असलेली एक म्हातारी आहे. रविवारी माझ्याकडे येऊन हे करून बघा, मग खुशाल बॅटरी बसवा.

स्टेपनी

हे वाचून मलाच यावंसं वाटतंय. गाडीला मागे खोबण आहे का?

कोरडा हिशोब

सीटबेल्ट आहे का, हे विचारा आधी.

लांब बॉनेट

येतो. नळी किती लांब लागते?