दिवाळीचा फराळ पाड्यावर न्यायचा, की आधी कापूस वेचणीचा हिशेब चुकवायचा?

तापीकाठ (जळगाव)
वसुबारस आली की आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर मेसेज फिरतो : 'चला, सातपुड्यात दिवाळी वाटू या.' गेल्या वर्षी मीही गेलो. चोपडा तालुक्यात, वैजापूरच्या पुढे एका पाड्यावर. फराळाची पाकिटं आणि जुन्या कपड्यांची बोचकी. एका पावरा आदिवासी बाईने आमच्यासमोरच बोचकं सोडलं. वर चेन तुटलेली जीन्स, खाली काठ उसवलेली साडी. तिने दोन्हींची घडी घातली आणि परत ठेवली. बोलली काहीच नाही. तिकडे आमच्यातला एकजण पोरांना सांगतोय, "पुडा वर धरा, फोटोत येऊ द्या." निघताना त्याच बाईने फडक्यात उडीद बांधून दिले, नुकतेच झोडलेले.

घरच्या मोलकरणीला पोस्त देताना आपण नोट दोनदा मोजतो. वेचणीच्या बायांना 'दिवाळीनंतर बघू' म्हणतो. आणि दान करायला डोंगर चढतो! आधी देणं तरी द्या.

भरीतपार्टी
तापीभाऊ, फाटके कपडे तुमच्या ग्रुपने छाटले नाहीत, त्याचं खापर सगळ्यांवर कशाला? आम्ही जुने कपडे घेतच नाही. गुरुजींकडून पोरांची मापं आधी मागवतो, नवाच ड्रेस नेतो. पोरगं कॉलरमधला पुठ्ठासुद्धा काढू देत नाही, तसंच हिंडतं दिवसभर. आणि फोटो टाकले नाहीत तर पुढच्या वर्षी वर्गणी येत नाही. नावं ठेवा, पण हे खरंय.

धडगावचा_मास्तर
पाड्याला कुणी विचारलं का? माझी निम्मी नोकरी त्या डोंगरात गेली. पावरा-भिलांचा मोठा सण होळी. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी एकदा बघून या. त्याआधी भोंगर्‍या बाजार भरतात; कपडे, दागिने, खरी खरेदी तेव्हाची. दिवाळीच्या सुमाराला तर कितीतरी घरं ऊसतोडीला गुजरातकडे निघायच्या तयारीत असतात. तुम्ही चकली वाटता तेव्हा ती माणसं कोयते-भांडी बांधत असतात. पोरंही सोबत जातात, वर्ग अर्धा रिकामा होतो. मागे आजीजवळ राहणार्‍या पोरांचं चार महिने कोण बघेल, हे विचारा. त्याचा फोटो काही छान येत नाही म्हणा.

कपाशीवाला (पारोळा)
'दिवाळीनंतर बघू' म्हणणारा मीच, सापडलो! आता माझंही ऐका भो. पहिल्या वेचणीचा कापूस ओला असतो. 12 टक्क्यांच्या वर ओलावा असला की सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस खरेदीवाले, घेत नाही. मग खेडा खरेदीवाला दारात येतो, काट्यात मारतो, भावात मारतो, वर अर्धे पैसे उधार ठेवतो. खताच्या दुकानाची उधारी डोक्यावर आहेच. बायांना कुठून देऊ? शहरातल्या माणसाला दान करायला बोनस येतो, शेतकर्‍याला कोण देतं?

धुळ्याची_आक्का
कपाशीवाले दादा, तुमची अडचण खरी. पण दुकानदार दारात येऊन बसेल म्हणून त्याला थोडे तरी देता ना? बाया दारात बसत नाहीत म्हणून त्या शेवटी. माझी आई वेचणीला जायची. धनत्रयोदशीला संध्याकाळी मालकाच्या ओसरीवर थांबलेली मला आठवते, ओटीत कापसाचे धागे अडकलेले. मालकीणबाईंनी शेव-चिवडा दिला, पैसे दिले नाहीत. चिवडा चांगला होता. आईने तो आम्हाला दिला, स्वतः खाल्ला नाही.

भरीतपार्टी, तुमचं मापाचं मला पटलं.

तापीकाठ
मास्तर, होळीचं डोक्यात आलंच नव्हतं. यंदाची वर्गणी तोवर ठेवू म्हणून ग्रुपवर टाकलं. दोन अंगठे आले आणि एकाने विचारलं, "मग लाडूंची ऑर्डर दिलीय तिचं काय?"

कपाशीवाला (पारोळा)
लाडू इकडे पाठवा. सात बाया आहेत. व्यापार्‍याकडून उद्या उचल आणतो, निम्मा हिशेब तरी करतो. आक्का, बाकीचा निम्मा पाडव्याला विचारा मला, इथंच, सगळ्यांसमोर.