पॉईंट टू-टूच्या पिस्तुलाची स्लाइड : चीर आहे की ओरखडा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी छत्रपती संभाजीनगरचा. पुतणी २५ मीटर स्पोर्ट्स पिस्तूल खेळते. हत्यार पॉईंट टू-टू (.२२) बोअरचं, जुन्या घडणीचं, स्लाइडवालं, म्हणजे गोळी सुटली की वरचा लोखंडी भाग मागं-पुढं सरकतो तसं. आधीच्या मालकानं किती राऊंड झाडले त्याचा काही हिशोब नाही. मॅच ६० गोळ्यांची असली तरी सरावात डबेच्या डबे संपतात.

परवा साफ करताना टरफल बाहेर पडतं त्या खिडकीच्या पुढच्या कोपऱ्यात केसासारखी रेघ दिसली. तेल पुसलं तरी थोड्या वेळानं तिथंच बारीक ओल येते. कापसाचा बोळा फिरवला की तंतू अडकतो. मला तरी हा ओरखडा वाटत नाही. काटकोनातल्या कोपऱ्यावर ताण साठतो आणि धातू तिथूनच थकतो, एवढं वाळूजला मशीनवर काम केल्यामुळं कळतं. रिकॉइल स्प्रिंगही (मागं गेलेली स्लाइड परत पुढं ढकलणारी) दमलेली वाटते. ती ढिली पडली की स्लाइड मागं जोरात आदळते. सध्या फायरिंग पूर्ण बंद आहे.

डाय पेनिट्रंट टेस्ट (रंग मुरवून बारीक चीर दाखवणारी) इथल्या वर्कशॉपात सहज होईल, पण शस्त्र कायद्यात सुटा भागही शस्त्रच धरला जातो, त्यामुळं स्लाइड कुणाकडं ठेवून येता येत नाही. परवानाधारक गनस्मिथ (हत्यारं दुरुस्त करणारा), जो समोर बसवून तपासून देईल, असा मराठवाड्यात कुणी माहीत आहे का? नांदेड-लातूरलाही येऊ. एक जण म्हणाला, वेल्डिंग मारून घ्या. ते मी करणार नाही, उष्णतेनं आजूबाजूच्या धातूचं पाणी उतरतं.

आणि ज्यांनी नवी स्लाइड मागवली, त्यांनी परवान्याची कागदपत्रं कशी केली, तेही सांगा.