चेहऱ्यावरून खोटं पकडता येतं का?

तर्कट:
नजर चुकवली, नाक खाजवलं म्हणजे थाप, हे आधी डोक्यातून काढा. बाँड आणि डीपाउलो या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली जुने प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला. 24 हजारांवर लोकांचे अंदाज, त्यातले बरोबर 54 टक्के. नाणं उडवलं तरी 50! खऱ्याला खरं म्हणणं 61 टक्के वेळा जमलं, खोटं ओळखणं 47 टक्केच.

बारीकनजर:
ते बहुतेक अनोळखी माणसांबद्दलचे अंदाज. ओळखीच्याची नेहमीची लय माहीत असते. अनोळखी असेल तर आधी पाच-दहा मिनिटं इकडचं तिकडचं बोला, लय टिपा, मग मुद्द्यावर या. फरक कळतो.

तर्कट:
कळतो तो ताण. मुद्द्यावर आलात की निर्दोष माणसाचाही आवाज बदलतो. तुलना करायचीच, तर तितक्याच अवघड पण खरं उत्तर तुम्हाला ठाऊक असलेल्या प्रश्नाशी करा. पॉलिग्राफ, म्हणजे खोटं पकडायचं म्हणवणारं यंत्र, त्याचंही हेच दुखणं: श्वास, घाम, रक्तदाब मोजतो, खोटं नाही.

उलटतपास:
चेहरा सोडा, उत्तरं धरा. हातातला पुरावा आधी दाखवू नका, सगळं तिथेच फसतं. ‘निघाल्यावर पुन्हा आत जाताना कॅमेऱ्यात दिसताय’ म्हणालात की लगेच ‘हो, चावी विसरलो होतो’ तयार! आधी मध्ये न तोडता सगळं सांगू द्या. मग आजूबाजूचे प्रश्न: किती वाजता निघालात, कुठल्या दाराने, पुन्हा आत गेलात का? पळवाटा बुजल्या की पुरावा समोर ठेवा. स्वीडनमध्ये पोलीस प्रशिक्षणार्थींना हे शिकवल्यावर अचूकता 85 टक्क्यांवर गेली. न शिकलेल्यांची 56.

बारीकनजर:
आणि पुरावाच नसेल तर?

उलटतपास:
दोघं असतील तर वेगवेगळं बसवून जागेचं चित्र काढायला लावा. दार कुठे, कोण कुणासमोर बसलं होतं. ‘काय झालं’ हे घोकून येतात, मांडणी सहसा ठरवलेली नसते.

तर्कट:
पण किरकोळ तफावत म्हणजे खोटं नव्हे, खऱ्या आठवणीही जुळत नाहीत. शब्दन् शब्द सारखा आला तर मात्र मी जास्त सावध होईन.

बारीकनजर:
तरी कुठल्या प्रश्नावर माणूस अडखळला, हे बघितल्याशिवाय पुढचा प्रश्न कुठे टाकणार?

तर्कट:
प्रश्न टाका की. निकाल देऊ नका एवढंच म्हणतोय.