माझ्या नावावर दोन कर्जे आहेत, जी मी कधी घेतलीच नाहीत. नेमके काय करावे?

ऐरोलीकर (प्रश्नकर्ता)

नमस्कार. मी गेली अकरा वर्षे ऐरोलीत भाड्याच्या घरात राहतो. यंदा कळव्यात स्वतःचे घर घ्यावे असे आम्ही उभयतांनी ठरवले आणि गृहकर्जासाठी बँकेत अर्ज केला, तेव्हा माझा सिबिल स्कोअर (कर्जफेडीच्या इतिहासावरून दिला जाणारा पतगुणांक) ५७४ असल्याने अर्ज पुढे नेता येणार नाही असे तेथील अधिकाऱ्यांनी सांगितले. माझ्या नावावर आजवर एकच कर्ज होते, ते दुचाकीचे, आणि त्याचा शेवटचा हप्ता २०१९ मध्येच फेडला होता, त्यामुळे आधी मला संगणकाची चूक वाटली. घरी येऊन पूर्ण अहवाल उतरवून घेतला, तर त्यात दोन अनोळखी खाती निघाली: एका मोबाइल ॲपवरून घेतलेले ४५,००० रुपयांचे वैयक्तिक कर्ज, आणि दुसऱ्या वित्तसंस्थेकडून मोबाइल फोनसाठी घेतलेले ३१,९९९ रुपयांचे कर्ज. दोन्ही एकाच आठवड्यात उघडलेली आहेत, दोन्ही तीन महिन्यांहून अधिक काळ थकलेली आहेत, आणि दोन्हींवर ज्या शहराचा पत्ता आहे तेथे मी आयुष्यात कधी गेलेलो नाही. पॅन क्रमांक आणि जन्मतारीख मात्र माझीच आहे.

गेल्या आठवड्यापासून वसुलीवाल्यांचे फोनही येऊ लागले आहेत. त्यांपैकी एकाने ‘बारा हजार भरा, प्रकरण सेटल करून देतो’ असे सांगितले, आणि सासऱ्यांचे म्हणणे असे की तेवढे देऊन मोकळे व्हावे, नाहीतर घर हातचे जाईल. पोलीस ठाण्यात गेलो तर ‘कर्ज ज्या शहरात झाले तेथे तक्रार द्या’ असे उत्तर मिळाले. पैसे भरावेत की नाही, आणि भरायचे नसतील तर सुरुवात कोठून करावी, हे ज्यांनी असा प्रसंग निस्तरला आहे त्यांनी कृपया सांगावे.

नेरुळचा निवृत्त बँक कर्मचारी

एक रुपयाही भरू नका. सासऱ्यांचा हेतू चांगला असला तरी त्यांचा सल्ला चुकीचा आहे, कारण तडजोडीची रक्कम भरणे म्हणजे कर्ज आपलेच होते हे स्वतःच्या हाताने मान्य करण्यासारखे आहे. शिवाय त्यानंतर खात्यावर ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो. पूर्ण न फिटलेले कर्ज असाच त्याचा अर्थ घेतला जात असल्यामुळे ज्या गृहकर्जासाठी आपण बारा हजार द्याल, तेच त्या शेऱ्यामुळे अडेल.

आता कामाचे. मी कर्ज घेतले नाही एवढेच लिहून थांबलात, तर पलीकडून साचेबंद उत्तर येईल. म्हणून कागद मागा. कर्जाचा अर्ज, केवायसीसाठी घेतलेली कागदपत्रे, अर्जाच्या वेळी टिपलेले छायाचित्र, ओटीपी ज्या मोबाइल क्रमांकावर गेला तो क्रमांक, ई-स्वाक्षरीची नोंद, हप्त्यासाठी बँकेला दिलेला आदेश, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पैसे कोणत्या बँकेच्या कोणत्या खात्यात गेले त्याचा तपशील. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ सालच्या डिजिटल कर्जविषयक सूचनांपासून ॲपवरच्या कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या बँक खात्यात जमा करणे बंधनकारक आहे, त्यामुळे ४५,००० रुपये कोठे उतरले याची नोंद संस्थेकडे असलीच पाहिजे. ते खाते आपले नसेल तर त्यांचा दावा तेथेच खिळखिळा होतो. आणि ते आपल्याच नावाने कोणी उघडलेले निघाले, तर त्या बँकेकडे वेगळी तक्रार करून ते गोठवावे लागेल, हेही लक्षात ठेवा.

फोनचे कर्ज थोडे निराळे असते, कारण त्यात पैसे ग्राहकाकडे न येता विक्रेत्याकडे जातात. तेथे विक्रीचे बिल, फोनचा आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) आणि फोन कोणी, कोठे स्वीकारला त्याची पोच मागावी. पोलिसांना तपासाचा धागा बहुधा या बिलातूनच मिळेल.

हे पत्र प्रत्येक संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ई-मेलने आणि स्पीड पोस्टनेही पाठवा. ग्राहक सेवेशी फोनवर झालेल्या गोड संभाषणाला शून्य किंमत आहे. त्याच दिवशी सिबिलकडे ऑनलाइन हरकत नोंदवा, मात्र सिबिल स्वतःहून नोंद पुसू शकत नाही, ती कर्ज देणाऱ्या संस्थेकडे विचारणा करते आणि तिच्या होकारानंतरच बदल होतो, हे ठाऊक असू द्या. तक्रारीच्या तारखेपासून ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये काढला आणि तो एप्रिल २०२४ पासून लागू आहे. त्यांतले पहिले २१ दिवस कर्ज देणाऱ्या संस्थेचे, उरलेले सिबिलसारख्या अहवाल कंपनीचे. रक्कम किरकोळ आहे, पण तिच्यामुळे कोणीतरी टेबलापाशी बसून दिवस मोजू लागते, म्हणून पत्रात या नियमाचा उल्लेख अवश्य करा.

नौपाड्याहून

मी हे सर्व दीड वर्षापूर्वी भोगले आहे, त्यामुळे वरील प्रतिसादाला माझ्या चुकांची जोड देते.

पहिली चूक म्हणजे मी फक्त सिबिलचा अहवाल पाहिला. भारतात असे अहवाल देणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. माझ्या बाबतीत सिबिलवर एकच बनावट खाते होते आणि क्रिफच्या अहवालात आणखी एक निघाले, जे मला पाच महिन्यांनी, तेही दुसऱ्या बँकेने कर्ज नाकारल्यावर कळले. अहवालाच्या शेवटी ‘चौकशी’ या भागात कोणत्या संस्थांनी कधी आपला अहवाल मागवला त्याची यादी असते, ती एकेक ओळ वाचा. आपण अर्ज न केलेल्या संस्थेचे नाव तेथे असेल, तर चोराने तेथेही प्रयत्न करून पाहिला आहे असे समजावे, आणि तिलाही पत्र पाठवावे.

दुसरी चूक अधिक त्रासाची ठरली. संस्थेने ‘आपले खाते बंद करण्यात आले आहे’ असे कळवले, मी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते, आणि दोन महिन्यांनी पाहते तो खाते बंद असे दिसत होते, पण मागील थकबाकीचे सगळे महिने जसेच्या तसे होते आणि स्कोअर जागचा हललेला नव्हता! म्हणून पत्रात ‘खाते बंद करावे’ असे लिहू नका. ‘हे खाते माझे नसल्यामुळे त्याची संपूर्ण नोंद, थकबाकीच्या इतिहासासह, चारही कंपन्यांकडून काढून टाकावी आणि तसे मला लेखी कळवावे’ असे लिहा. चुकीचा पत्ता आणि चुकीचा मोबाइल क्रमांक हेही वेगळ्या हरकती घेऊन काढून घ्या.

पोलिसांबाबत मात्र माझे मत वरील गृहस्थांपेक्षा थोडे वेगळे आहे. त्यांनी पोलिसांकडे जाण्याचा विषय फारसा काढला नाही, पण माझ्या प्रकरणात संस्थेने पोलीस तक्रारीची प्रत मागितल्याशिवाय कागद हलवला नाही. तेव्हा पत्र आणि पोलीस तक्रार दोन्ही एकाच आठवड्यात व्हावे. सायबर फसवणुकीसाठीचा १९३० हा मदत क्रमांक मुख्यतः खात्यातून नुकतेच गेलेले पैसे वाटेत अडवण्यासाठी आहे. आपल्या प्रकरणातले पैसे महिन्यांपूर्वी गेलेले आहेत, म्हणून राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर सविस्तर लेखी तक्रार करून तिचा पोच क्रमांक घ्यावा आणि तो प्रत्येक पत्रात टाकावा.

वसुलीवाल्यांशी वाद घालू नका. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर त्यांनी फोन करू नये असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. कोणत्या संस्थेकडून बोलता, कर्ज खाते क्रमांक काय, हे विचारून लिहून ठेवा आणि ‘तक्रार दाखल आहे, पुढचे लेखी बोला’ एवढेच सांगून फोन ठेवा. माझ्या सासूबाईंनी तर एकाला चहाला बोलावले होते, पण तो आला नाही.

ठाण्यात वकिली करणारा

पोलिसांनी दिलेले उत्तर कायद्याला धरून नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस न्यायालयाच्या आदेशाविना तपास करू शकतात अशा गुन्ह्याची) माहिती, तो कोणत्याही हद्दीत घडलेला असो, ठाणे अंमलदाराने नोंदवून घ्यायची असते. यालाच शून्य एफआयआर म्हणतात, आणि पुढे ती योग्य त्या ठाण्याकडे वर्ग होते. एफआयआरची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते. तरीही नकार मिळाला, तर तक्रारीचा मजकूर पोलीस उपायुक्तांकडे लेखी पाठवावा आणि तेथेही दाद न मिळाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. तक्रारीत माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ सी (दुसऱ्याची ओळख अप्रामाणिकपणे वापरणे) आणि ६६ डी (संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणूक) यांचा, तसेच भारतीय न्याय संहितेतील फसवणुकीच्या कलम ३१८(४) आणि तोतयेगिरीच्या कलम ३१९(२) यांचा उल्लेख असावा. त्याबरोबर, दोन्ही कर्जांच्या काळात आपण ऐरोलीतच होतो हे दाखवणारे पुरावे जोडा: नोंदणीकृत भाडेकरार, कार्यालयातील हजेरी, वीजबिल.

संस्थेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे (बँका व वित्तसंस्थांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जाता येते. २०२२ च्या सप्टेंबरपासून अहवाल कंपन्याही लोकपाल योजनेत आल्या आहेत. पुष्कळ लोक बेलापूरच्या रिझर्व्ह बँकेच्या इमारतीत चौकशीला जातात, पण त्यासाठी तेथे खेटे घालण्याचे कारण नाही. तक्रार संकेतस्थळावर करता येते आणि कागदी तक्रारी चंदीगडच्या केंद्रात जातात. शुल्क नाही, वकीलही लागत नाही. (माझ्या व्यवसायाच्या दृष्टीने हे सांगणे बरे नव्हे.)

एक गैरसमज येथे दूर करतो. प्रकरण न्यायालयात असेल तर लोकपाल ते घेत नाहीत, म्हणून काहीजण पोलीस तक्रार देण्यास कचरतात. परंतु फौजदारी प्रकरण किंवा पोलीस तपास चालू असणे ही लोकपालांकडे जाण्यातली अडचण नाही, असे योजनेतच स्पष्ट केलेले आहे. ग्राहक आयोगाचे मात्र तसे नाही. तेथे आधी दावा लावलात, तर त्याच विषयावर लोकपालांचे दार बंद होते. त्यामुळे आधी लोकपाल आणि नंतर, गरज पडली तरच, आयोग, असा क्रम ठेवावा. आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नसते.

घणसोलीतून

वरील मंडळींनी झालेल्या नुकसानाबद्दल लिहिले आहे, पण आपले आधार-पॅनचे तपशील अजूनही कोणाच्या तरी हातात आहेत. आधारच्या संकेतस्थळावर बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद लॉक करून ठेवा, आणि आधार कोठे कोठे वापरले गेले याचा मागील सहा महिन्यांचा इतिहास तेथेच पाहा. संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत ते दिसते. त्यात अनोळखी क्रमांक निघाला, तर ‘हा माझा नाही’ अशी तक्रार तेथूनच करता येते. आपल्याकडे दर अकरा महिन्यांनी भाडेकरारासाठी एजंटाला आधार-पॅनच्या झेरॉक्स द्याव्या लागतात आणि आपण त्या डोळे मिटून देतो. त्यांवर तारीख आणि ‘केवळ भाडेकरारासाठी’ असे आडवे लिहिण्याची सवय लावून घ्या. चोरावर त्याचा किती परिणाम होईल सांगता येत नाही, पण नंतर ती प्रत कोठून फुटली हे तरी कळते.

ऐरोलीकर (प्रश्नकर्ता), सात आठवड्यांनंतर

सर्वांचे मनापासून आभार. काय झाले ते कळवतो.

शून्य एफआयआरचे कलम कागदावर लिहून नेल्यावर पोलीस ठाण्यात तिसऱ्या फेरीत तक्रार नोंदवून घेतली गेली. ॲपवाल्या संस्थेने चोविसाव्या दिवशी कागद पाठवले. त्यांतले छायाचित्र विशीतल्या एका मुलाचे आहे, आणि मी बेचाळीस वर्षांचा असून मला टक्कल आहे. पैसे ज्या खात्यात गेले ते माझे नाही. हे सर्व ई-मेलने त्यांच्यापुढे मांडल्यावर त्यांनी चूक मान्य केली. नौपाड्याच्या ताईंनी सांगितले तसे मी ‘संपूर्ण नोंद काढावी’ हेच शब्द वापरले होते, आणि आता चारपैकी तीन अहवालांतून ते खाते गेले आहे. चौथ्या कंपनीचे ३० दिवस उलटले आहेत, तेव्हा तिच्याकडे रोजच्या १०० रुपयांची मागणी केली आहे.

फोनच्या कर्जाची संस्था मात्र बिल दाखवायला तयार नाही. ‘अंतर्गत तपासणीत व्यवहार योग्य आढळला’ एवढी एक ओळ आली, म्हणून परवा लोकपालांकडे तक्रार केली. बँकेतील अधिकाऱ्यांना दोन्ही पत्रव्यवहार दाखवले असता, दुसरी नोंद निघाल्यावर अहवाल पुन्हा मागवू असे ते म्हणाले. कळव्याच्या घराचे मालक महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार आहेत. सासरे अजूनही अधूनमधून बारा हजारांची आठवण काढतात.

नेरुळचा निवृत्त बँक कर्मचारी

‘अंतर्गत तपासणीत योग्य आढळला’ हे पत्र जपून ठेवा आणि लोकपालांच्या तक्रारीला जोडा, कारण त्यांनी कागद न दाखवता निर्णय दिल्याचा तो त्यांच्याच सहीचा पुरावा आहे. जानेवारी २०२५ पासून कर्जसंस्थांना किमान दर पंधरवड्याला अहवाल कंपन्यांकडे माहिती पाठवावी लागते, तेव्हा निर्णय आपल्या बाजूने लागल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी बँकेला अहवाल मागवायला सांगू नका. स्वतः आधी एकदा तपासून खात्री करा आणि मगच त्यांना कळवा.